कागदावर नसलेला विळा

बापू, काल तुझी ट्रंक आली.

तेरावं आटोपल्यावर तुझी बायको रेखा तिच्या भावाला घेऊन बंदराच्या वसाहतीतली तुमची खोली रिकामी करायला गेली होती. गाद्या, भांडी तिथेच वाटून टाकली म्हणे, आणि एवढी एक ट्रंक घेऊन गावी आली. मायने ती ओट्यावरच उघडायला लावली. तुझे कामावरचे निळे शर्ट, चष्म्याची डबी, माझ्या लग्नातला आपल्या दोघांचा फोटो, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं काहीतरी जड. मायने सुतळी सोडली. आत विळा होता. मूठ काळी पडलेली, आणि पात्याचं टोक बोटभर मोडलेलं.

"हाऊ तं मन्हा इळा शे," माय म्हणाली. "बापूकडे कसा काय गया?"

रेखाला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मायने माझ्याकडे बघितलं, तर मी म्हणाले, "माले काय ठाऊक?" आणि चहा टाकायला आत पळाले. पन्नाशीला आलेली बाई मी, मिरचीच्या पथारीवर सगळ्या बायांना दमात घेणारी, आणि आईला तोंड चुकवून गॅससमोर उभी राहिले. चहा उतू गेला तरी लक्ष नव्हतं. ते खोटं बोलून बसलेय, म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कोणाला लिहू?

खरं सांगू, तू गेलास ते मला अजून नीट कळतच नाहीये. आपण दोन वर्षं बोलत नव्हतो ना, त्यामुळे तुझ्या गप्प राहण्याची सवय झालीय. वाटतं, आहे तिकडे, रुसून बसलाय. मग एकदम आठवतं की आता मी बोलले तरी तू बोलणार नाहीस. मेल्या, भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का रे?

तुझी नोकरी मायला कधी कळलीच नाही. गावात कोणी विचारलं की सांगायची, "बापू बंदरवर टीव्ही देखस." आम्ही सगळे हसायचो, तूही हसायचास. पण एका अर्थी खरंच होतं ते. कंटेनर लादलेली गाडी त्या मोठ्या यंत्राखालून जायची आणि डब्याच्या पोटातलं सगळं तुझ्या पडद्यावर दिसायचं. तू बघून सांगायचं, जाऊ द्या, नाहीतर उघडा. बस, एवढंच काम, आणि मागे गाड्यांची ही लांब रांग. मी एकदा विचारलं होतं, "आमनी मिरची कशी दिखस रे त्याम्हा?" तर म्हणालास, "ढगना मायक. मऊ, राखाडी. आनि मुख्य म्हंजे खोकला नही येत." लहानपणी मिरचीच्या वासाने शिंकून शिंकून बेजार व्हायचास, म्हणून तर शेतातून पळून शिकलास. शेवटी मिरचीने तुला तिथेही गाठलंच.

तीन वर्षांपूर्वी राखीला आला होतास, तेव्हाचं आठवतं का? माझ्या पथारीवर. ओली लाल मिरची उन्हात वाळवायचं ते उघडं रान. नंदुरबारच्या आजूबाजूला अशा पुष्कळ आहेत, आणि त्यातली सासऱ्यांची एक माझ्या अंगावर पडली, कारण घरात उन्हात उभं राहणारी मीच. राखीच्या दिवसांत ती रिकामीच असते. तिथे बाजेवर बसून मी तुला ऐकवत होते, की तुमच्या बंदरात माल किती अडतो, ड्रायव्हर लोक रस्त्याच्या कडेला चुली मांडतात, जरा हात चालवा की. तू राखीचा दोरा फिरवत बसलास आणि मग म्हणालास, "ताई, सगळे डबे उघाडात तं बंदर चार दिनमा तुंबी जाई. एकबी नही उघाडा तं काय व्हई ते मी देखेल शे."

आणि मग ते सांगितलंस. घाईत सोडलेल्या एका डब्याचं. कागदावर प्लास्टिकची खेळणी होती. चित्रात एका कोपऱ्यात काहीतरी वेगळं वाटलं होतं तुला, पण मागे रांग, साहेबांचा फोन, जहाज सुटायला आलेलं. सोडलास. तो डबा यार्डातच पेटला. आत फटाके होते. एक हमाल भाजला, त्याचे दोन्ही हात गेले. तू त्याला दवाखान्यात बघायला गेलास. त्याने विचारलं, साहेब, तुम्ही कोण? तू म्हणालास, कोणी नाही, असाच आलोय.

"मी त्याले सांगाच नही, ताई," तू म्हणालास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, दुसरा चहा मागवला आणि विषय बदलला. तुला बरं वाटावं म्हणून बदलला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते ऐकवत नव्हतं.

त्यानंतर तू मला तुझा नियम सांगितलास. कागद बघायचा, चित्र बघायचं. दोघं जुळली की जाऊ द्यायचं, मग माल राजाचा असो की रंकाचा. जुळली नाहीत की थांबवायचं. त्या नियमाने घाईही सांभाळता येते आणि झोपही लागते, म्हणालास. मी म्हणाले, "शाना रे मन्हा भाऊ." लक्ष होतं कुठे माझं?

आता विळ्याचं. हंगामातली पहिली गाडी निघाली की माय मधल्या एका पोत्यात आपला विळा खुपसायची. "मिरची लोकेसनी नजर उतारस, मिरचीनी नजर कोन उतारी?" लोखंड उतारी, असं तिचं म्हणणं. आपल्या लहानपणी गाडी जायची ती नंदुरबारच्या बाजारापर्यंत. दिवस मावळायच्या आत रिकामी पोती घरी यायची आणि पोत्यांबरोबर विळा. एकदाही हरवला नाही. टोक तेवढं तू मोडलंस, बोरिंगच्या पाइपावर आपटून, तलवार-तलवार खेळताना. मार मात्र मी खाल्ला, कारण मोठी मी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नावाचा पहिला कंटेनर भरला त्या दिवशी पथारीचं लग्नघर झालं होतं. तोवर माझी मिरची दुसऱ्याच्या नावाने जायची, त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या. ट्रेलर आला तर शेजारच्या पथारीवाले बघायला आले. खांडबाऱ्याकडून देठ खुडायला येणाऱ्या बायांनी डब्याला हळदकुंकू लावलं. आणि माय गावाहून रिक्षात बसून, फडक्यात विळा बांधून हजर. मी म्हटलं, "माय, हाई गाडी समिंदरपार जाई. इळा परत नही येवाव."

"येई," माय म्हणाली. "लोखंड घर नही सोडत."

मी कशाला वाद घालू? मधल्या पोत्यात विळा ढकलला, तोंड शिवलं. डबा भरला, दार लावलं, सील झालं. कागदावर लिहिलं होतं, वाळलेली लाल मिरची, एवढी पोती. विळा कोण लिहितं त्यात?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एजंट महेंद्रभाईंचा फोन आला. बंदरातले माझे कागद तेच बघायचे. "ताई, गाडी थांबवली. स्कॅनरवर काहीतरी दिसलंय." मी घाबरले नाही, उलट हसले. माझा भाऊ तिथे बसलाय म्हटलं, आता लावते फोन. आणि तुला लावला.

"बापू, आपली गाडी थांबाडी म्हने. देख ना जरा."

"माहीत आहे," तू म्हणालास. "मीच थांबवली."

मराठीत म्हणालास. आपण जन्मभर अहिराणीत बोललो, भांडलो, रडलो. तू शाळेतल्या मराठीवर आलास की मला कळायचं, आता भाऊ नाही, खुर्ची बोलतेय.

"तू? काब्र?"

"पोत्यात लोखंडाची वस्तू आहे. कागदावर नाही."

"अरे, मायना इळा शे तो!"

"ठाऊक आहे. टोकावरून ओळखला."

 "वळखा? आनि तरी?"

"ओळखला म्हणूनच, ताई. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. विळा दिसला आणि कळलं, हे घरचं. माझा हात सोडायच्या बटनावर गेला. तेव्हाच समजलं की आता सोडता येणार नाही." वर म्हणालास, "आणि विळा दिसतोय, पण बाकीच्या पोत्यांत काय आहे ते मी बघितलेलं नाही. तू बघितलंस? भरताना तू तिथे उभी होतीस?"

नव्हते. शेवटची पोती चढत होती तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटत होते. तेच झोंबलं मला. भावाने बहिणीला चोर ठरवलं, असं मी ओरडले. सगळी पथारी ऐकत होती.  तू उलट ओरडला नाहीस म्हणून मी आणखी पेटले आणि जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, "तुन्हा हातथून एक सुटनं, त्याना सूड मन्ही मिरचीवर नको काढू."

तू फोन ठेवलास. आपटला नाहीस, हळूच ठेवलास.

बापू, ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच क्षणी. मी नाही घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने ऐक. डबा उघडला, पोती बाहेर काढली, एकेक तपासली. काही निघालं नाही, निघणार काय होतं? पण तोवर जहाज गेलं. पुढचं मिळेपर्यंत माझी कडक वाळलेली मिरची समुद्राच्या दमट हवेत बसून राहिली. तिकडे पोचली तेव्हा पोत्यांना कुबट वास होता. घेणाऱ्याने घेतली नाही. माझ्या नावाचा पहिला डबा, आणि बाजारात हसू झालं. गेल्या हंगामात मी पुन्हा दुसऱ्याच्या नावाने मिरची दिली.

म्हणून सांगते, तुझ्यापुढे मी आजही पूर्ण नमत नाही. मोठ्या लोकांचे शंभर डबे असतात, एक थांबला तर त्यांना पत्ताही लागत नाही. आमचा एकच असतो. तुझा नियम सगळ्यांना सारखा, पण थांबणं सगळ्यांना सारखं नसतं रे. तू आधी एक फोन करायचा होतास, भाऊ म्हणून. "ताई, थांबवतोय, मन घट्ट कर," एवढंच. तेही नियमात बसत नसेल तर तसं सांग. बघ, अजून मी उत्तर मागतेय.

आणि मग आखाजी. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेची आखाजी सासुरवाशिणींची, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी मी मायला निरोप धाडला, बापू येणार असेल तर मी येणार नाही. मायने तुला काय सांगितलं कोण जाणे. तू आला नाहीस. दुसऱ्या वर्षीही आला नाहीस. मायला कळवलंस, ड्यूटी आहे. मी मात्र दोन्ही वर्षं ऐटीत गेले, पुरणपोळी खाल्ली, झोक्यावर बसले. माय दुपारभर दारात बसायची. "बापूले सुट्टी नही भेटनी," म्हणायची आणि माझ्या ताटात तूप वाढायची. बहिणीचं माहेर तुटू नये म्हणून तू तुझं घर सोडलंस, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असून मी ते तूप खाल्लं.

यंदाच्या राखीला तुझा मेसेज आला होता. शेवटचा. "ताई, पुढच्या वेळी विळा कागदावर लिही. मग माझं काही म्हणणं नाही." मला वाटलं, टोमणा मारतोय. उत्तर दिलं नाही. आता वाचते तर त्यात टोमणा कुठेच दिसत नाही.

तेराव्याला महेंद्रभाई आले होते. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बापूसाहेबांनी सांगू नका म्हटलं होतं." तुझी पाळी संपली होती, तरी त्या दिवशी तू घरी गेला नाहीस. डब्याजवळ गेलास. जवळचं नातं आहे म्हणून तपासायला हात लावणार नाही, असं तिथल्या साहेबांना लिहून दिलंस. लांब उभा राहिलास. तपासणी संपल्यावर मात्र दाभण घेतलंस आणि हमालांबरोबर पोती शिवलीस, आपल्याकडे शिवतात तशी, दुहेरी टाका. शिंकून शिंकून डोळे लाल झाले होते, म्हणे. आणि विळा परत मिळावा म्हणून अर्ज केलास. अर्ज! आईच्या विळ्यासाठी! पोच घेऊन, सही करून विळा घेतलास. महेंद्रभाई हसत सांगत होते आणि मला पदर तोंडात कोंबावा लागला.

तो विळा तू घरी आणणार होतास, आखाजीला. आणायला मी दार ठेवलं नव्हतं.

इथवर लिहून कागद ठेवला होता. त्याला चार दिवस झाले.

आज सकाळी यंदाचा पहिला कंटेनर भरला. पुन्हा माझ्या नावाचा. दुसरा एक घेणारा तयार झालाय. या वेळी मी पेढेबिढे काही आणले नाहीत. पहिल्या पोत्यापासून डब्याच्या दारात उभी राहिले. प्रत्येक पोतं उघड्या तोंडाने माझ्यासमोर आलं, मी हात घालून बघितलं, मग शिवलं. बाया कुजबुजत होत्या, ताईला काय झालंय आज. वेळ दुप्पट लागला. ट्रेलरवाला चिडला, म्हणाला, "बाई, अशानं बंदरात कधी पोचणार?" मी म्हटलं, "इथे लागला तो वेळ तिथे वाचेल." बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे माझं नव्हे, तुझं बोलणं.

महेंद्रभाईंना फोन करून मी कालच मालाच्या यादीत एक ओळ वाढवायला लावली होती. ते म्हणाले, "ताई, हे काय भलतंच? हसतील लोक." मी म्हटलं, हसू द्या. यादी छापून आली. वाळलेली लाल मिरची, एवढी पोती. खाली दुसरी ओळ: एक जुना लोखंडी विळा, टोक मोडलेला, विक्रीसाठी नाही.

निम्मा डबा भरला तेव्हा माय आली. रिक्षातून उतरली, हातात तेच फडकं. मी तिला सावलीला, पोत्यावर बसवलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सगळं सांगितलं. गाडी कोणी थांबवली, का थांबवली, मी फोनवर काय बोलले, आखाजीला तू का आला नाहीस. काही गाळलं नाही. त्या हमालावरून तुला मारलेला टोमणासुद्धा.

माय विळ्याच्या मोडक्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, "त्यानी इळा वळखा व्हता ना?"

"हो माय. पहिलाच वळखा."

"मंग बरं." तिने पदराने पातं पुसलं. मला वाटलं, संपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन आखाज्या तू खाई गयी मन्ह्या."

  मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

मधलं पोतं आलं. मी तोंड उघडं धरलं आणि तिच्यासमोर कागद केला. "माय, या टाईमले लिखेल शे. हाई देख, इळा. आते कोन्ही थांबाडाव नही."

माय उठली, पोत्याजवळ आली. विळा मिरचीवर टेकवला, क्षणभर तसाच धरला. आणि काढून घेतला. फडक्यात परत गुंडाळला.

"काय व्हयनं, माय?"

"आते हाऊ परत कोन लई यी?" ती म्हणाली, आणि फडकं पोटाशी धरून रिक्षाकडे चालू लागली.

मी पोतं शिवलं. डबा भरून झाल्यावर महेंद्रभाईंना फोन केला, ती ओळ काढा, नवीन यादी पाठवा. ते वैतागले, आता काय झालं म्हणाले. मी म्हटलं, वस्तू डब्यात नाही, तर कागदावर नको. नवीन यादी आली, त्यात नुसती मिरची होती. मी दोनदा वाचली, सही केली, मग सील लावू दिलं.

गाडी आत्ताच गेली, बापू. तिकडे तुझ्या खुर्चीत आता कोण बसतं मला माहीत नाही. थांबवली तर थांबवू दे. मी कोणालाही फोन करणार नाही.